गाडी दारात आली, आता नावावर करून घ्या

कराडला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि त्याच खोलीत आरटीओच्या कामांचं टेबल. समोर बसणाऱ्याला मी आधी कागद मागत नाही, गाडी आली कशी ते विचारते. कुणी म्हणतं मामानं दिली, कुणी मित्राकडून घेतली, कुणाला फायनान्सच्या यार्डातून स्वस्तात मिळाली, आणि बरेच जण म्हणतात, "पप्पांचीच हाय की मॅडम, घरातलीच." गाडी कशी आली त्यावर फॉर्म ठरतो, कुणाच्या सह्या लागणार ते ठरतं, आणि काम पटकन होणार की वर्षभर लोंबकळणार तेही ठरतं.

किल्ली तुमच्या हातात, पेट्रोल तुमच्या खिशातून, तरी कायद्यानं गाडी आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव असणाऱ्याची. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. गाडी एकानं दुसऱ्याला विकली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं करत पुढं गेली होती. नाव मात्र पहिल्याचंच. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. त्यामुळं हे लिखाण घेणाऱ्याइतकंच विकणाऱ्यासाठीही आहे.

विकत घेतलेली

इसार द्यायच्याही आधी गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण विकणाऱ्याच्या नावाशी जुळतंय का एवढं कळतं. नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा आणि पीयूसी चालू आहे का, कुठल्या बँकेचा बोजा आहे का, हेही तिथंच दिसतं. मग महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलन साईटवर थकलेली चलनं बघा. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, असं करत चांगली रक्कम साठलेली असते, आणि विकणाऱ्याला खरोखरच पत्ता नसतो कारण आरसीला जोडलेला मोबाईल नंबर कधीचा बंद पडलेला असतो. चलनं त्यानं भरायची. भावातून वजा करून घेऊ असं कुणी म्हणालं तर आधी वजा करा, मग पुढं बोला.

ॲप झालं की गाडीजवळ जा. चासी नंबर बहुतेक मोटारसायकलींना हँडलखाली मानेवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनाच्या केसिंगवर. तिथं वर्षानुवर्षांचं ऑईल आणि धूळ बसून पापुद्रा झालेला असतो. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या चिंधीनं पुसा, कोरडं होऊ द्या, वर पातळ कागद धरा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. कागद काळा होत जातो आणि अंक पांढरे उमटतात. हा ठसा आरसीशी एकेक अंक करून ताडून बघा. आठ आणि तीन, शून्य आणि ओ, इथं डोळा फसतो. अंकांची ओळ वाकडी असेल, एखादा अंक बाकीच्यांपेक्षा खोल ठोकलेला असेल किंवा आजूबाजूला ग्राइंडरच्या बारीक रेघा दिसत असतील, तर चहाही न घेता निघा. नुसत्या डोळ्यांना या रेघा सहसा दिसत नाहीत, ठशावर मात्र लगेच येतात.

आरएक्स १०० घ्यायची असेल तर आणखी सावध. आमच्या भागात या गाडीचं वेड आहे. एस्कॉर्ट्सनं यामाहाबरोबर ती १९८५ मध्ये आणली, १९९६ मध्ये बंद झाली, ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. आज चांगल्या ठेवलेल्या गाडीला मालक लाखाच्या वर सांगतात आणि देणारेही भेटतात. भाव ऐकून मी काही बोलत नाही, हौसेला मोल नसतं. पण कागदाला असतं. यातली एकही गाडी पंधरा वर्षांच्या आतली नाही. म्हणजे प्रत्येकीची नोंदणी फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला दाखवून, पर्यावरण कर भरून वाढवलेली असायला हवी, आणि ती वाढ दर वेळी पाच वर्षांचीच मिळते. कुणी "आरसी ओरिजनल हाय, जुनं बुक हाय" म्हणत पिवळं पडलेलं पुस्तक पुढं करतो. पुस्तक खरं असतंही. पण त्यातली नोंद 'वाहन' या आरटीओच्या ऑनलाईन प्रणालीत चढलेली नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाईन चढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी ज्या कार्यालयात गाडी मुळात पासिंग झाली तिथलं रजिस्टर शोधावं लागतं. कराडच्या जुन्या गाड्या एमएच ११ च्या, म्हणजे साताऱ्याच्या. कराडचा स्वतःचा एमएच ५० नंतर आला. शिवाय ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांना एमएच नसलेले, एमनं सुरू होणारे तीन अक्षरी नंबर. बॅकलॉग, नूतनीकरण, थकीत कर, उशिराची फी हे सगळं विकणाऱ्यानं करून द्यायचं आणि मगच व्यवहार, असं ठरवा. "तुम्ही घ्या, मग होतं सगळं" या वाक्यावर घेतलेल्या आरएक्स आजही गोठ्यात ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

दुसरी भानगड इंजिनाची. आरएक्स १०० च्या चासीत आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या फिरतात. पळायला झकास, पण आरसीवरचा इंजिन नंबर वेगळा, आणि तपासणीत अडकली की अडकली. टाकी, सीट, मडगार्ड बदललेलं चालतं. रंग पूर्ण बदलला असेल तर त्याचीही आरसीत नोंद लागते.

गाडी चालते कशी हे तुमच्या मेकॅनिकलाच विचारा, तो माझा प्रांत नाही. एवढंच बघते की आम्ही पोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवलेलं नाही ना. सायलेन्सरला लांबून हात धरला की कळतं. थंड गाडीला पहिली किक आपल्यासमोर बसली पाहिजे.

आता कागद. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, दोन प्रती. फॉर्म ३० मध्ये दोघांचा भाग. सगळे याला टीटी फॉर्म म्हणतात. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. दोन्ही टोकं महाराष्ट्रात असतील तर ही मुदत, बाहेरच्या राज्यात गाडी जात असेल तर विकणाऱ्याला पंचेचाळीस दिवस. आता बरंचसं काम आधारच्या ओटीपीवर होतं, म्हणून विकणाऱ्याचा आधारला जोडलेला मोबाईल चालू आहे का हे आधीच विचारा. तो दुबईला गेला आणि सिम कपाटात, अशी वेळ येते. मग माणूस गाठून सह्या घेण्यात महिने जातात.

कोऱ्या टीटीवर सही करून देऊ नका आणि घेऊही नका. जुन्या गाड्यांचा व्यापारी नेहमी तेच मागतो, कारण त्याला मधे स्वतःचं नाव लागू द्यायचं नसतं. त्यात त्याचा फायदा असेल, तुमचा नाही. घेणाऱ्याचं नाव लिहिलेल्या फॉर्मवरच सही. आणि सोबत साध्या कागदावर ताबा पावती करा: गाडीचा नंबर, चासी नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या, तारीख, आणि न विसरता वेळ. दुपारी चारला गाडी दिली आणि संध्याकाळी सातला अपघात झाला, तर पोलीस ठाण्यात त्या "चार"ला किंमत येते. पैसे शक्यतो खात्यातून द्या.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं विसरू नका. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेल्या गाडीला ती नसेल तर आरटीओतली इतर कामं अडतात, ट्रान्सफरसुद्धा. जुन्या मालकाच्या नावावर असतानाच प्लेट बसवून घेतलेली बरी.

वडिलांची

वडील हयात असतील तर नातं मोजलं जात नाही. तेच फॉर्म २९, तेच ३०. घरातल्या घरात कशाला, म्हणणारे खूप. त्यांना मी वरचा खटला सांगते.

वडील गेले असतील तर फॉर्म ३१. मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. तसं कळवलं की वारसाला तीन महिने गाडी वापरता येते आणि त्याच मुदतीत नावावर करायचा अर्ज द्यायचा. प्रत्यक्षात काय होतं, दिवसकार्य, वर्षश्राद्ध होतं, शेताच्या सातबाऱ्याला वारस लागतात, आणि गाडी तशीच. मुलगा ती वर्षानुवर्षं चालवत राहतो. मग एक दिवस विमा कंपनी विचारते किंवा विकायची वेळ येते, आणि तो माझ्यासमोर येतो.

यात मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. संमती म्हणजे आईची, भावाची, आणि लग्न झालेल्या बहिणीचीही. इथं हमखास एक संवाद होतो.

"मॅडम, बहीण काय नको म्हणणाराय व्हय? तिचं सोडा."

"नको म्हणणार नाही ना? मग विचारायला काय जातंय?"

बहिणीची सही मी सोडत नाही. गाडी वीस हजारांची असो की दोन लाखांची.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी सोय झाली आहे: २०२१ पासून आरसीवर वारसदार म्हणून नॉमिनी लावता येतो. आधीच्या गाडीलाही नंतर लावता येतो. शोरूमवाले हे स्वतःहून क्वचितच सांगतात, फॉर्म भरताना तुम्हीच विचारा.

कर्जावरची आणि ओढून आणलेली

शेवटचा हप्ता फिटला की पेढे वाटतात, पण आरसीवरून बँकेचं नाव आपोआप जातंच असं नाही. बँकेकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि फॉर्म ३५ घ्यायचा, त्यावर बँकेची आणि तुमची सही, आणि बोजा उतरवायचा अर्ज करायचा. एनओसीला मुदत असते, ती छापलेली बघा आणि मुदतीत कामाला लागा. हे लगेच करा म्हणायचं कारण असं की फायनान्स कंपन्या बंद होतात, एकमेकींत विलीन होतात, शाखा हलतात. हप्ते कधीच फिटले, पण सही द्यायला कुणी उरलं नाही, ही अवस्था फार वाईट.

हप्ते थकल्यामुळं कंपनीनं ओढून आणलेल्या गाड्या यार्डात स्वस्त मिळतात. घेऊ नका असं मी म्हणत नाही. कंपनीनं फॉर्म ३६ भरून आरसी स्वतःच्या नावावर करून घेतली आहे का, तेवढं विचारा. केली नसेल तर मूळ मालकाची सही लागणार, आणि ज्याची गाडी ओढून नेली तो माणूस तुम्हाला हसत सही देणार नाही. पोलिसांच्या किंवा सरकारी जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीला फॉर्म ३२, ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत. लिलावाचा आदेश आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा.

बाहेरच्या नंबरची

गोव्यात गाड्या स्वस्त मिळतात म्हणून पोरं जाऊन घेऊन येतात. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. आधी तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. ती मिळण्याआधी तिथले कर, चलनं, बोजा सगळं निल लागतं, आणि चोरीच्या नोंदीही तपासल्या जातात. मग इथं एकरकमी कर भरायचा, जो गाडीच्या वयावर आणि किमतीवर ठरतो. हा कर आणि हेलपाटे धरून हिशेब मांडला की बऱ्याचदा स्वस्ताई संपते.

गोव्याच्या गाडीत आणखी एक बघा. भाड्यानं दिल्या जाणाऱ्या दुचाकींना काळी पाटी आणि पिवळे अक्षर असतात. पाटी बदलून पांढरी केली म्हणजे गाडी खासगी झाली असं होत नाही, आरसीवर तसा बदल झालेला असला पाहिजे. पर्यटकांनी पिळून काढलेली गाडी घ्यायची का, हा पुढचा प्रश्न.

महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर प्रकरण इतकं जड नाही, नंबरही तोच राहतो. कोल्हापूरच्या एमएच ०९ ची गाडी आयुष्यभर कराडात फिरू शकते.

अर्ज गेल्यावर

पावतीवरचा अर्ज क्रमांक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, परिवहनच्या साईटवर त्यावरून अर्ज कुठं थांबलाय ते कळतं. स्मार्टकार्ड पोस्टानं येतं, त्यामुळं पत्त्यात वाडीचं नाव, जवळची खूण, पिनकोड नीट टाका. गावात एकाच आडनावाची वीस घरं असतात. कार्ड हातात आलं की नावाचं स्पेलिंग आणि चासी नंबर तिथल्या तिथं वाचा.

विमा वेगळा करावा लागतो. थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं, संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडं येतं, पण पॉलिसीवर नाव बदलायला चौदा दिवसांत कंपनीला अर्ज द्या. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नावाची नोंद झाल्याशिवाय तुम्हाला लागू होत नाही. सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकींना थर्ड पार्टी पाच वर्षांची असते, म्हणून ॲपमध्ये "विमा चालू" दिसला तरी नुकसानीचा भाग कधीच संपलेला असू शकतो. पॉलिसीचा कागद उघडून दोन्ही तारखा बघा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुमच्या हप्त्यात धरलेला असेल तर फरक भरून टाका, नाहीतर क्लेमच्या वेळी त्यावरूनच अडवतात.

विकणाऱ्यानं महिन्याभरानं ॲपवर आपला जुना नंबर टाकून बघावा. नाव अजून तुमचंच दिसत असेल तर घेणाऱ्याला फोन करा, आणि तो टाळत असेल तर ताबा पावती आणि फॉर्म २९ ची प्रत घेऊन सरळ आरटीओत लेखी द्या, पोच घेऊन या.