निळा, लाल, हिरवा, जांभळा, ग्रे: रक्ताचे बल्ब भरताना या चुका टाळा

नेरुळच्या एका आजींचा रिपोर्ट आला होता, पोटॅशियम ६.९ आणि कॅल्शियम ५.८. आकडे खरे असते तर आजी आयसीयूत असायला हव्या होत्या, पण त्या घरी बसून तांदूळ निवडत होत्या. डॉक्टरांचा लगेच लॅबला फोन, लॅबचा मला, आणि मला एका क्षणात आठवलं की मी काय केलं होतं. मी लॅबसाठी रक्त काढते, आणि बल्ब म्हणजे ते रक्त भरायच्या रंगीत झाकणाच्या नळ्या. जांभळा बल्ब जरा जास्त भरला गेला म्हणून त्यातलं थोडं रक्त मी लाल बल्बमध्ये, ज्यातून पोटॅशियम कॅल्शियम बघतात त्यात, ओतलं होतं. तेव्हा मला कामाला लागून सहा महिने झाले होते आणि मला खरंच वाटायचं की रक्त ते रक्त, कुठल्याही बल्बमधलं असो. आजींना परत सुई टोचावी लागली, दुसरा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. ही गोष्ट मी आज ठाण्यात आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) पोराला पहिल्याच दिवशी सांगते, कारण कुठला बल्ब आधी आणि कुठला नंतर भरायचा हा क्रम पाठ सगळ्यांचा असतो, तो तसाच का आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

जांभळ्या बल्बात ईडीटीए असतं, बहुतेक वेळा त्याचं पोटॅशियमवालं मीठ. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. आता हेच रक्त लाल बल्बात गेलं तर काय होणार, पोटॅशियम बाहेरून आलं म्हणून वाढलं आणि कॅल्शियम अडकलं म्हणून घटलं. अल्कलाइन फॉस्फेटेजपण खाली येतं कारण त्या एन्झाइमला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेही पकडतं. ओतायचीच गरज नाही, सुईच्या टोकाला लागलेला थेंब पुढच्या बल्बात गेला तरी आकडा हलू शकतो. म्हणून क्रम.

तर क्रम असा. कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती टेस्ट) असेल तर आधी कल्चरच्या बाटल्या कारण तिथे बाहेरचे जंतू जायला नकोत, मग निळा, मग लाल किंवा पिवळा जेलवाला, मग हिरवा, मग जांभळा आणि शेवटी ग्रे. जुन्या पुस्तकात लाल आधी आणि निळा नंतर दिसेल, ते काचेच्या साध्या बल्बच्या काळातलं आहे. आता प्लास्टिकच्या लाल बल्बला आतून क्लॉट अ‍ॅक्टिव्हेटर (रक्त लवकर गोठवणारा पदार्थ) लावलेलं असतं, ते निळ्यात गेलं तर पीटी एपीटीटीची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टची, वाट लागते, म्हणून निळा पुढे आला. हिरव्यात हेपॅरिन, तेही रक्त गोठू देत नाही, तो ईडीटीएच्या आधी कारण त्यावर बऱ्याचदा इलेक्ट्रोलाइट (सोडियम, पोटॅशियम) करतात. एक गोष्ट इथेच सांगून टाकते, लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटची लिथियम लेव्हल करायची असेल तर लिथियम हेपॅरिनचा हिरवा बल्ब चालत नाही, लेबल वाचा, नुसता झाकणाचा रंग बघू नका.

निळ्या बल्बाबद्दल मला जास्त बोलायचंय कारण इथली चूक माणसाच्या जिवावर येते. निळ्यात रक्त गोठू न देणारं सोडियम सायट्रेट असतं आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं माप ठरलेलं असतं, म्हणून बल्बवरच्या रेघेपर्यंत रक्त यायलाच पाहिजे. कमी भरलं की सायट्रेट जास्त होतं आणि गोठायची वेळ खोटीच लांबते, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) वाढलेला दिसतो. आता विचार करा, हार्टचा व्हॉल्व्ह बदललेला पेशंट आहे, अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, तुम्ही बल्ब अर्धा भरलात, आयएनआर जास्त आला, डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि खरं तर रक्त पुरेसं पातळ नव्हतंच. स्कॅल्प व्हेन (बारीक नळी जोडलेली छोटी सुई) लावून पहिलाच बल्ब निळा असेल तर नळीतली हवा आधी बल्बात जाते आणि तेवढं रक्त कमी येतं, त्यामुळे आधी एक फालतू बल्ब जोडून नळी भरून घ्या, तो टाकून द्या, मग निळा लावा. एवढा एक बल्ब वाचवायला जाऊ नका.

पावसाळ्यात ठाणे काय नवी मुंबई काय, डेंग्यूचा सीझन सुरू झाला की दिवसभर जांभळेच बल्ब हातात असतात, आणि मग प्लेटलेट ४० हजार आल्या म्हणून घरच्यांची रडारड, बेड शोधायला धावपळ. कधी कधी प्लेटलेट खरंच कमी असतात. पण कधी कधी बल्ब नीट हलवलेलाच नसतो. जांभळा बल्ब भरल्या भरल्या आठ ते दहा वेळा हळू उलटा सुलटा करायचा, मिक्सरसारखा खदखदून हलवायचा नाही. खिशात ठेवून पुढच्या पेशंटकडे गेलात आणि मग आठवलं तर उशीर झाला, तोपर्यंत बारीक क्लॉट झालेले असतात आणि प्लेटलेट त्यात अडकतात, मशीन मोजणार कुठून. रेघेच्या वर भरला तरी क्लॉट, फार कमी भरला तर पेशी आकसतात. निळ्याला तीन चार वेळा उलटं पुरतं, लाल पिवळ्याला पाच, हिरव्या आणि ग्रेला जांभळ्यासारखंच आठ ते दहा.

आणि काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएतच एकमेकींना चिकटतात, त्यात आपली चूक नसते. स्लाइडवर गुच्छे दिसले की निळ्या बल्बात परत सॅम्पल घ्यायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं.

लहान बाळाचं बोट किंवा टाच टोचून घेताना मात्र हा क्रम उलटतो. तिथे जांभळा आधी भरायचा, लाल शेवटी, कारण थेंब थेंब येणारं रक्त पटकन गोठायला लागतं.

ग्रे बल्ब शेवटी का, तर त्यात सोडियम फ्लोराइड आणि बऱ्याच कंपन्यांच्या बल्बात पोटॅशियम ऑक्झलेट असतं, दोन्ही इलेक्ट्रोलाइट बिघडवतात. पण शुगरला ग्रेच हवा. साध्या बल्बात पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. सकाळी सातला घोडबंदर रोडला होम कलेक्शन घेतलं, मग ट्रॅफिक, मग अजून चार घरं, लॅबला पोचायला अकरा, तोपर्यंत १२० ची शुगर शंभराच्या खाली उतरू शकते आणि शुगर वाढलेल्या माणसाला आपण नॉर्मल म्हणून मोकळे होतो. अजून एक, जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा असे दोन ग्रे बल्ब असतात, त्यावर लगेच तिथल्या तिथे लिहा, नंतर दोन्ही सारखेच दिसतात.

आपल्याकडे बरेच जण अजून सिरिंजनेच काढतात, त्यात वाईट काही नाही, पण नंतर सुई झाकणात खुपसून दट्ट्या जोरात दाबतात तिथे घोळ होतो. पेशी फुटतात, सिरम (गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी) लालसर येतं, पोटॅशियम आणि पेशींमधली एलडीएच, एएसटी ही एन्झाइम्स सगळं वाढतं. सिरिंजमधून बल्बात रक्त सोडायचं ट्रान्सफर डिव्हाइस असेल तर ते लावा आणि बल्बाला त्याच्या आतल्या व्हॅक्यूमच्या ओढीने रक्त घेऊ द्या, नसेल तर सुई काढून सरळ नीडल कटरमध्ये टाका, टोपी परत लावत बसू नका, आणि झाकण उघडून भिंतीवरून हळू सोडा. क्रम तोच. आणि पटापट, सिरिंजमध्येपण रक्त गोठतं.

टूर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, एक मिनिटाच्या वर नको. काका मूठ उघडा बंद करा उघडा बंद करा असं सांगायची सवय आपल्या सगळ्यांना असते, ती सोडा, त्यानेही पोटॅशियम वाढतं, मूठ नुसती हलकी धरून ठेवायला सांगा. स्पिरिट वाळू द्या. सलाइन चालू असलेल्या हातातून घेऊ नका, दुसरा हात बघा.

लाल पिवळा बल्ब अर्धा तास उभा ठेवून मगच सेंट्रिफ्यूज करायचा (मशीनमध्ये गरागरा फिरवून सिरम वेगळं करायचं), घाई केली तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे येतात आणि मशीन अडकतं. एप्रिल मेमध्ये गाडीच्या डिकीत बल्ब भाजतात म्हणून पोरं थेट बर्फाच्या पॅकवर ठेवतात, तेही चूक, सेंट्रिफ्यूज न केलेलं रक्त गार झालं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं. मध्ये कापड किंवा स्टँड हवा.

नाव. ऐरोलीत एकाच सोसायटीत, एकाच विंगमध्ये दोन पाटील काकू असतात. तुम्ही पाटील काकू ना, असं विचारलं की दोघी हो म्हणणार. तुमचं पूर्ण नाव आणि वय सांगा असं विचारा, त्यांना बोलू द्या. लेबल रक्त काढल्यावर पेशंटसमोरच लावा, घरून लेबल लावलेले बल्ब नेऊ नका.

रिपोर्ट विचित्र आला तर मी असं बघते. पोटॅशियम वाढलंय, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज कमी, म्हणजे जांभळ्यातलं गेलंय. पोटॅशियमबरोबर सोडियमपण वाढलंय आणि कॅल्शियम कमी, तर ग्रेचा संशय. पोटॅशियम वाढलंय, कॅल्शियम कमी नाही आणि सिरम लाल, तर पेशी फुटल्या. सिरम स्वच्छ आणि कॅल्शियम बरोबर, तर सॅम्पलचा डबा किती गार होता, किती उशीर झाला, मूठ किती वेळ चालली हे विचारते. आणि यातलं काहीच नसेल तर पेशंट खरंच आजारी असू शकतो, म्हणून चूक आपलीच असेल असं धरून क्रिटिकल आकडा दाबून ठेवायचा नाही, डॉक्टरांना कळवायचं आणि त्याच वेळी रिकलेक्शनची, म्हणजे परत रक्त घ्यायची, तयारी करायची.

शीर बारीक आहे आणि रक्त थोडंच येतंय अशा वेळी क्रम बदलायचा मोह होतो. क्रम तोच ठेवा, मात्रा बदला. लाल बल्ब थोडा कमी चालून जातो, निळा चालत नाही, एका बल्बातलं दुसऱ्यात तर अजिबात नाही. तरी पुरत नसेल तर लॅबला फोन करून विचारा कुठली टेस्ट आधी हवी, आणि पेशंटला दुसऱ्या हाताला टोचायच्या आधी गरम पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं ठेवा, शीर वर येते.