मेंदूतल्या तारा जपायच्या, तर घरी बीपी नीट कसं मोजावं

वाळव्याकडे ठिबकवर ऊस करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: मोटर चालू असली तरी ड्रिपरच्या बारीक छिद्रात क्षार साचले की तिथला ऊस माना टाकतो. मेंदूतही जवळपास असंच घडतं. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात पेशींचे निरोप नेणाऱ्या तंतूंचे जुडगे असतात आणि त्यांच्यावर चरबीचं वेष्टण असतं. तिथे रक्त पोचवणाऱ्या धमन्या फार बारीक. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की त्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते, वेष्टण झिजतं. एमआरआयवर तिथे पांढरे डाग दिसतात. माणूस लगेच विसरभोळा होतो असं नाही. आधी बऱ्याचदा चाल मंदावते, हिशेबाला वेळ लागतो.

अल्झायमर या स्मृती हिरावणाऱ्या आजारातली प्रथिनं निराळ्या वाटेने घात करतात. टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता पेशीच्या आत होतो, त्यात तंतूही मोडतात. अमायलॉइड हे दुसरं प्रथिन पेशींबाहेर साचतं, कधी धमन्यांच्या भिंतींतही. उतारवयात बऱ्याच जणांच्या मेंदूत बारीक धमन्यांचं आणि प्रथिनांचं अशी दोन्ही दुखणी एकत्र सापडतात. प्रथिनांवर घरगुती इलाज नाही. बीपी मात्र आपल्या हातात आहे. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात (2019) वरचा आकडा 140 ऐवजी 120 च्या आत ठेवायचं लक्ष्य असलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास सुमारे 19 टक्के कमी आढळला आणि डागही कमी वाढले. तुमचं लक्ष्य किती, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

आता मोजायचं कसं? सांगलीत माझी आई पाण्याची कळशी ठेवून, पदराने हात पुसत तशीच मशीनपुढे बसायची आणि आकडा बघून घाबरायची. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, मिश्रीसुद्धा नको. तिच्यातही निकोटीन असतं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. भडंग, लोणचं, पापड यांतलं मीठही त्यातच धरायचं.

आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका, मी कळकळीने सांगतो. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात लुळा पडणं यांपैकी काही अचानक झालं तर मोजत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

आईच्या वहीत सकाळचे आकडे रोज चढे निघाले. ते पान बघूनच डॉक्टरांनी तिची गोळी बदलली.