उत्पादनावर ताबा कोणाचा, हे कसे तपासावे

उत्पादनाची साधने भांडवलदाराच्या हाती असावीत की समाजाच्या, हा वाद बहुधा मालकीच्या कागदापाशीच अडतो. म्हणून बाजू घेण्याआधी एखादा खराखुरा कारखाना समोर ठेवून त्याचा ताबा प्रत्यक्षात कोणाकडे आहे, हे तपासावे.

प्रथम मते मोजावीत. खासगी कंपनीत सामान्यतः जितके भाग (शेअर) तितकी मते असतात. सोव्हिएत संघात कारखाने जनतेच्या नावे होते. पण १९२८ पासूनच्या पंचवार्षिक योजनांत किती माल काढायचा हे वरून ठरून येई, व्यवस्थापकही वरूनच नेमला जाई, आणि यंत्रापाशी उभ्या कामगाराला त्याला हटवता येत नसे. नाव जनतेचे आणि हुकूम खात्याचा, याला मी सामाजिक ताबा म्हणणार नाही.

विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप केले, तेव्हा तिसरी वाट दिसली: ऊस पिकवणाराच मालक, आणि भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. तुम्ही अशा कारखान्याचे सभासद असाल, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ नुसार उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त कार्यालयात विनामूल्य पाहता येते. ते सभेआधी पाहावे. सभेत विषय वाचताच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो आणि प्रश्न विचारायला उसंत राहत नाही.

मग उसाचे बिल हाती घ्यावे. काट्यावरचे वजन, दर आणि खाली छापलेल्या कपाती एकेक ओळ वाचून, कोणती कपात कोणत्या ठरावाने लागली हे विचारावे. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, मात्र केंद्र सरकार ठरवते आणि ती ऊस घातल्यापासून १४ दिवसांत द्यावी लागते. म्हणजे सभासदांच्या कारखान्यातही एक दोरी दिल्लीच्या हाती असते.

शेवटी, मत कोणाला नाही हे शोधावे, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीसाठी बीडहून आलेले, फडाशेजारी पालात राहणारे जोडपे पहाटेपासून कोयता चालवते. पण ते सभासद नसल्याने सभेत त्यांना स्थान नाही. त्यांच्या तोडणीचे दर साखर संघ, म्हणजे सहकारी साखर कारखान्यांचा महासंघ, आणि कामगार संघटना यांच्या करारातून ठरतात. अहवालात ‘तोडणी व वाहतूक’ खर्चाची रक्कम शोधावी आणि त्यातील किती पैसा प्रत्यक्ष कोयत्यापर्यंत पोचला, हे सभेत उभे राहून विचारावे.