इस्टिओ: दुसऱ्या क्लस्टरमधली सर्व्हिस ५०३ देते – माझा अनुभव

इस्टिओ म्हणजे कुबरनेटिसवरच्या सर्व्हिसेसमधला ट्रॅफिक सांभाळणारं साधन (सर्व्हिस मेश). माझं एक कुबरनेटिस क्लस्टर संभाजीनगरला, दुसरं लातूरला; दोन्ही इस्टिओनं जोडलेली. लातूरच्या सोयाबीन-भावाच्या सर्व्हिसला संभाजीनगरहून रिक्वेस्ट गेली की ५०३ (सर्व्हिस उपलब्ध नाही). एन्व्हॉयच्या (प्रत्येक पॉडमधल्या इस्टिओच्या प्रॉक्सीच्या) लॉगमध्ये ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’, म्हणजे समोरच्याचं सर्टिफिकेट पटलं नाही. ईस्ट-वेस्ट गेटवेचं (क्लस्टर-क्लस्टरमधल्या ट्रॅफिकच्या दाराचं) १५४४३ पोर्ट उघडंच होतं. रिमोट सीक्रेट (दुसऱ्या क्लस्टरमध्ये डोकवायची किल्ली) पुन्हा बनवलं, फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला.

कारण: दोन्हीकडच्या इस्टिओडीनं (इस्टिओच्या मुख्य नियंत्रकानं) आपापलं वेगळं रूट सर्टिफिकेट बनवलं होतं, म्हणून एकाच्या सर्टिफिकेटवर दुसऱ्याचा विश्वास बसेना.

उपाय: आधी एकच रूट सीए (सर्टिफिकेटांवर सही करणारा मूळ अधिकारी) तयार करा. त्याच्या सहीनं प्रत्येक क्लस्टरला स्वतंत्र इंटरमीजिएट (मधल्या पातळीचं) सीए सर्टिफिकेट. मग दोन्हीकडे इस्टिओ-सिस्टिम नेमस्पेसमध्ये ‘सीएसर्ट्स’ नावाचं सीक्रेट: सीए-सर्ट, सीए-की, रूट-सर्ट, सर्ट-चेन या चार पेम फायली. त्यानंतर इस्टिओडी रीस्टार्ट, मग गेटवे, शेवटी साइडकारवाले (एन्व्हॉय सोबत असलेले) सगळे पॉड. पॉड रीस्टार्ट करायचे राहिले तर ते जुनंच सर्टिफिकेट धरून बसतात. मधल्या वेळात चालू ट्रॅफिक तुटतो, म्हणून बाजार बंद झाल्यावरच करा.