रूट केलेल्या फोनवर फाइल मॅनेजर कसा वापरायचा: कुठे काय असतं आणि हात कुठे लावायचा

फोन रूट केल्यावर, म्हणजे सिस्टीमचे सगळे अधिकार आपल्याकडे घेतल्यावर, बरेच जण पहिलं काम करतात ते म्हणजे रूटवाला फाइल मॅनेजर टाकतात, आणि तेच बरोबर आहे, कारण रूट म्हणजे नक्की काय मिळालं हे दुसऱ्या कुठल्याच ॲपमध्ये एवढं स्पष्ट दिसत नाही. साध्या फाइल मॅनेजरमध्ये फक्त आपले फोटो, डाउनलोड, व्हिडिओ दिसतात, आणि अँड्रॉइड ११ पासून तर अँड्रॉइड फोल्डरमधला डेटा फोल्डर पण बंद करून टाकलाय. रूट दिलं की हे सगळे दरवाजे उघडतात. पण त्याच वेळी "हे डिलीट करू नका" म्हणून अडवणारं पण कोणी राहत नाही, म्हणून मी पहिल्यापासून एकच सांगतो, बघायचं भरपूर, लिहायचं कमी, आणि लिहायच्या आधी मूळ फाइल कॉपी करून तिची परमिशन आणि ओनर नोंदवून ठेवायचा. का ते पुढे येईलच.

आधी ॲप कुठलं घ्यायचं. मटेरियल फाइल्स हे ओपन सोर्स आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि फाइलची परमिशन, ओनर, एसईलिनक्स कॉन्टेक्स्ट (अँड्रॉइडच्या सुरक्षा व्यवस्थेचं फाइलवरचं लेबल) हे सगळं प्रॉपर्टीजमध्ये दाखवतं, नवीन माणसाला मी हेच सुचवतो. मिक्सप्लोरर जास्त ताकदवान आहे पण सेटिंगचं जंगल आहे. सॉलिड एक्सप्लोरर दोन पॅनलमुळे कॉपी करायला सोपं पडतं, आणि रूट एक्सप्लोरर जुनं आणि पैसे देऊन घ्यायचं ॲप आहे. एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, कुठूनतरी मिळालेली मॉड एपीके (कोणीतरी बदल केलेली ॲपची फाइल) घेऊन तिला रूट देऊ नका. आणि प्रसिद्ध ॲप पण सुरक्षित असतंच असं नाही, ईएस फाइल एक्सप्लोररचं उदाहरण आहेच, २०१९ च्या जानेवारीत समोर आलं की ते ॲप ५९७७७ नंबरचा पोर्ट उघडा ठेवतं आणि त्याच वायफायवरचा दुसरा माणूस फोनमधल्या फाइल वाचू शकतो, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते प्ले स्टोअरवरून गेलं. रूट मिळालेल्या ॲपला तर सगळ्या ॲप्सचा डेटा वाचता येतो, म्हणजे ॲप निवडणं हाच सुरक्षेचा अर्धा भाग झाला.

ॲप टाकलं की त्याच्या सेटिंगमध्ये रूट ॲक्सेस चालू करा. मॅजिस्क (रूट देणारं आणि सांभाळणारं साधन) असेल तर लगेच विचारणा येते, परवानगी द्या किंवा नाकारा, आणि डिफॉल्टला १० सेकंदात काही केलं नाही तर आपोआप नाकारलं जातं, मग लोक म्हणतात रूट चालत नाही. तसं झालं तर मॅजिस्क ॲपमध्ये सुपरयूजरच्या टॅबमध्ये जाऊन त्या ॲपचं बटण चालू करा, झालं. कर्नलएसयू (रूटचं दुसरं साधन) असेल तर विचारणा येतच नाही, मॅनेजर ॲपमध्ये जाऊन स्वतःच परवानगी द्यावी लागते. शक्य असेल तर कायमची परवानगी न देता १० किंवा ३० मिनिटांची द्या, काम झालं की संपली.

आता आत काय आहे. मी पाथ मराठी अक्षरात लिहितोय, फोनमध्ये ते इंग्रजी अक्षरात दिसतील. सगळ्यात वरच्या पातळीला गेलात की सिस्टीम, व्हेंडर, प्रॉडक्ट, डेटा, प्रॉक, सिस असे फोल्डर दिसतात. सिस्टीम, व्हेंडर, प्रॉडक्ट म्हणजे कंपनीने किंवा रॉमने (फोनवर टाकलेल्या अँड्रॉइडच्या आवृत्तीने) दिलेला भाग. प्रॉक आणि सिस या खऱ्या फाइल नाहीतच, कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालू असताना तिथे माहिती दाखवतो, स्टोरेजमध्ये जागा घेत नाहीत, त्यामुळे तिथे "साफसफाई" करायला जाऊ नका. स्टोरेजमध्ये जाऊन एम्युलेटेड आणि मग ० हा तुमचा नेहमीचा इंटर्नल स्टोरेज, तोच एसडीकार्ड नावाने पण दिसतो आणि प्रत्यक्षात /डेटा/मीडिया/० मध्ये असतो. म्हणजे तीन ठिकाणी तेच फोटो दिसले तर डुप्लिकेट समजून डिलीट करू नका, एकाच जागेचे तीन रस्ते आहेत, एकीकडून उडवलं की सगळीकडून जाणार!

खरी मजा आहे /डेटा/डेटा मध्ये. प्रत्येक ॲपचा तिथे पॅकेजच्या नावाने एक फोल्डर असतो, आत डेटाबेसेस, शेअर्ड प्रेफ्स, फाइल्स, कॅश असे भाग. शेअर्ड प्रेफ्समध्ये ॲपची सेटिंग एक्सएमएलमध्ये असते, नुसती उघडून वाचली तरी ते ॲप काय काय लक्षात ठेवतं ते कळतं. वाचायला काहीच हरकत नाही, खरंतर सुरुवातीचे काही दिवस फक्त फिरून बघाच, टेक्स्ट व्ह्यूअरमध्ये उघडा, सेव्ह करू नका.

जुना वायफाय पासवर्ड शोधणं हे पहिलं उपयोगी काम म्हणून छान आहे कारण त्यात काही बदलायचं नाही. अँड्रॉइड ८ ते १० मध्ये /डेटा/मिस्क/वायफाय या फोल्डरमध्ये वायफाय कॉन्फिग स्टोअर नावाची एक्सएमएल फाइल असते, ११ पासून ती मिस्कमधल्या एपेक्सडेटा फोल्डरमध्ये, कॉम.अँड्रॉइड.वायफाय नावाच्या फोल्डरात गेलीय. उघडा, आपल्या नेटवर्कचं नाव शोधा, त्याच्या खाली प्री शेअर्ड की लिहिलेल्या ओळीत पासवर्ड असतो. फाइल बंद करताना सेव्ह विचारलं तर नको म्हणा.

आता परमिशनचं, कारण निम्म्या लोकांचे फोन इथेच अडकतात. अँड्रॉइडमध्ये फाइलमधला मजकूर बरोबर असून भागत नाही. प्रत्येक फाइलला एक ओनर असतो, एक ग्रुप असतो, वाचणं लिहिणं चालवणं याची परमिशन असते, आणि त्यावर एसईलिनक्सचं लेबल असतं. परमिशन आकड्यात लिहितात, वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, यांची बेरीज, पहिला आकडा ओनरचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. म्हणजे ६४४ म्हणजे ओनर वाचू लिहू शकतो आणि बाकीचे फक्त वाचू शकतात, सिस्टीममधल्या बहुतेक साध्या फाइलची हीच परमिशन. फोल्डरला ७५५ कारण फोल्डरमध्ये शिरायला पण चालवण्याची परमिशन लागते. काहीच चालत नाही म्हणून ७७७ देऊन टाकायची सवय अजिबात लावून घेऊ नका, त्याने फाइल कोणालाही बदलता येते आणि बऱ्याचदा मूळ अडचण तशीच राहते कारण ती ओनरची किंवा लेबलची असते.

ॲपच्या बाबतीत ओनर फार महत्त्वाचा. इन्स्टॉल होताना प्रत्येक ॲपला एक नंबर मिळतो, यू० अंडरस्कोर ए२१४ अशासारखा, आकड्यात तोच १०२१४, आणि ते ॲप काढून परत टाकलं की नंबर बदलू शकतो. आता तुम्ही रूट फाइल मॅनेजरने जुना डेटा त्या फोल्डरात पेस्ट केला तर नवीन फाइलचा ओनर बऱ्याचदा रूट होतो, ॲपला स्वतःचीच फाइल उघडता येत नाही, आणि ते सुरू होताच बंद पडतं. लोकांना वाटतं बॅकअप खराब होता. बॅकअप चांगला असतो हो, ओनर चुकलेला असतो.

म्हणून ॲपचा डेटा हलवायचा तर असा हलवा. आधी ते ॲप फोर्स स्टॉप करा, कारण चालू असताना डेटाबेसच्या बाजूला डब्ल्यूएएल किंवा जर्नल शेवटी असलेली फाइल असते, तिच्यात ताजा डेटा असतो, आणि नुसती मुख्य डीबी फाइल उचलली तर शेवटचा भाग हरवू शकतो. कॅश आणि कोड कॅश सोडून द्या, त्यांची गरज नसते. बाकीचा फोल्डर सरळ एसडीकार्डवर कॉपी न करता त्याची टार फाइल (सगळं ओनर-परमिशनसकट बांधून ठेवणारी एकच फाइल) बनवा, कारण इंटर्नल स्टोरेजच्या त्या भागात ओनर आणि परमिशन टिकतच नाहीत, सिस्टीम सगळ्यांना एकसारखीच दाखवते, तिथे परमिशन बदलायला गेलात तरी बदलत नाही. परत टाकताना ॲप आधी इन्स्टॉल करा, एकदा उघडा, फोर्स स्टॉप करा, त्याच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून नवीन नंबर बघा, मग जुन्या फाइल टाका, त्या सगळ्यांना ओनर आणि ग्रुप म्हणून तोच नवीन नंबर द्या, आतल्या फाइलवर पण लागू करायचा पर्याय असतो तो टिक करा, आणि शेवटी एसईलिनक्स कॉन्टेक्स्ट रिस्टोर करा, मटेरियल फाइल्समध्ये तो पर्याय प्रॉपर्टीजमध्येच आहे. नोट्सची, गेमची, साधी ॲप्स अशी आरामात येतात. बँकेची किंवा एन्क्रिप्टेड चॅटची काही ॲप्स येणार नाहीत कारण त्यांची किल्ली फोनच्या कीस्टोअरमध्ये (किल्ल्या ठेवायच्या सुरक्षित जागेत) असते आणि ती फाइल कॉपी करून मिळत नाही, त्यांचा बॅकअप त्यांच्या स्वतःच्या सोयीनेच घ्या.

मग येतो सिस्टीम बदलण्याचा भाग. जुन्या व्हिडिओत सांगतात की वरचं माउंट आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं दोन्ही चालू करणारं) बटण दाबा आणि फाइल बदला. आजच्या बऱ्याच फोनवर ते होत नाही आणि त्यात तुमचं काही चुकत नाहीये. अँड्रॉइड १० सोबत बाजारात आलेल्या फोनपासून सिस्टीम, व्हेंडर, प्रॉडक्ट ही पार्टिशन (स्टोरेजचे वेगळे भाग) एका मोठ्या सुपर पार्टिशनमध्ये असतात, आणि बऱ्याच ठिकाणी फाइलसिस्टीमच अशी असते की तिच्यात लिहिता येतच नाही, ईरोफ्स नावाची फाइलसिस्टीम तर बनवलीच आहे फक्त वाचण्यासाठी. शिवाय जिथे लिहिता येतं तिथे पण एक फाइल बदलली की व्हेरिटी तपासणीत (सिस्टीम बदललेली नाही ना हे बघणाऱ्या) फोन अडकू शकतो आणि पुढचा ओटीए (फोनवर थेट येणारा) अपडेट फेल होऊ शकतो.

त्यामुळे मूळ सिस्टीमला हात न लावता मॅजिस्कच्या मॉड्यूलने (बदललेल्या फाइल ठेवायच्या फोल्डरने, जो मॅजिस्क बूट होताना लावतं) बदल करायचा, आणि हे फाइल मॅनेजरमधूनच करता येतं. /डेटा/एडीबी/मॉड्यूल्स मध्ये आपल्या नावाचा एक फोल्डर बनवा, त्यात मॉड्यूल.प्रॉप ही छोटी टेक्स्ट फाइल ठेवा ज्यात आयडी, नाव, व्हर्जन, व्हर्जन कोड, ऑथर आणि डिस्क्रिप्शन असतं, आयडी आणि फोल्डरचं नाव एकच ठेवा. मग आत सिस्टीम नावाचा फोल्डर, आणि त्याच्या आत जी फाइल बदलायची तिचा अगदी तोच पाथ. उदाहरणार्थ बूट ॲनिमेशन बदलायचं आणि ते तुमच्या फोनमध्ये /सिस्टीम/मीडिया मध्ये असेल तर मॉड्यूलमध्ये सिस्टीम, त्यात मीडिया, त्यात तुमची बूटॲनिमेशन.झिप, परमिशन ६४४. झिप बनवताना कॉम्प्रेशन शून्य ठेवा, स्टोअर म्हणून पर्याय असतो, नाहीतर ॲनिमेशन न दिसता काळा स्क्रीन राहतो. रीबूट केलं की मॅजिस्क वरून तुमची फाइल दाखवतं आणि खालची मूळ फाइल जशीच्या तशी राहते. होस्ट्स फाइलसाठी (कुठलं डोमेन कुठल्या पत्त्यावर जाईल ते ठरवणाऱ्या) तर एवढं पण करायला नको, मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये सिस्टीमलेस होस्ट्स दाबा, रीबूट करा, मग मॉड्यूल्समधल्या होस्ट्स फोल्डरात सिस्टीम, मग ईटीसी, तिथली होस्ट्स फाइल उघडून १२७.०.०.१ नंतर स्पेस आणि जे डोमेन बंद करायचं ते लिहा, एका ओळीत एक, आणि परत रीबूट.

नको असलेली सिस्टीम ॲप्स फाइल मॅनेजरने उडवायला बरेच जण जातात, त्याने तुमची जागा वाढत नाही कारण सिस्टीमचं पार्टिशन वेगळंच असतं, फोटोंना ती जागा मिळत नाही. डिसेबल करा, तेवढं पुरतं. आणि ईएफएस, पर्सिस्ट या नावांपासून लांब राहा, आयएमईआय, सेन्सरचं कॅलिब्रेशन अशा त्या एका फोनपुरत्या गोष्टी तिथे असतात, दुसऱ्याच्या फोनमधून आणून चालत नाहीत. रॉम परत फ्लॅश केली तरी त्या परत येत नाहीत.

बदल केल्यावर फोन लोगोवरच फिरत राहिला तर घाबरून लगेच फॅक्टरी रिसेट करू नका, डेटा जातो आणि बऱ्याचदा त्याची गरज पण नसते. मॉड्यूलमुळे झालं असेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा, बहुतेक फोनमध्ये बूट होताना व्हॉल्यूम डाउन दाबून धरलं की होतं, मॅजिस्क ते ओळखून सगळी मॉड्यूल बंद करतं, मग नेहमीसारखं रीबूट केलं तरी ती बंदच राहतात, आणि मग एकेक चालू करून दोषी शोधता येतं. सेफ मोडपर्यंत पण पोचत नसेल आणि कस्टम रिकव्हरी (अँड्रॉइड सुरू न करता दुरुस्ती करायचा वेगळा मेनू) डेटा डिक्रिप्ट करू शकत असेल तर तिच्या फाइल मॅनेजरमधून त्या मॉड्यूलच्या फोल्डरात डिसेबल नावाची रिकामी फाइल बनवा, अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरात, एक्सटेन्शन न लावता, तेवढ्याने पुढच्या बूटला मॅजिस्क ते मॉड्यूल सोडून देतं. आणि /डेटा/डेटा मधल्या एखाद्या ॲपमुळेच गडबड झाली असेल तर तेवढ्या ॲपचा डेटा क्लिअर करा, ते नव्याने आपल्या बरोबर ओनरने फोल्डर भरून घेतं.