पिनबॉलचा बॉल कुठे जाईल ते आधीच ओळखायचं तर

भो, कॅमेऱ्याने बॉल बघून स्वतःच खेळणारं ऑटोमॅटिक पिनबॉल बनवताय ना, मग कॅमेऱ्यात बॉल जिथे दिसतो तिथला हिशोब धरून फ्लिपर (बॉल परत वर उडवणारी पट्टी) मारू नका, तो तिथून केव्हाच सटकलेला असतो. सेकंदाला ६० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममध्ये १६-१७ मिलिसेकंद जातात, बॉल सेकंदाला २ मीटरने येत असेल तर तेवढ्यात ३ सेंमीच्या वर सरकला, म्हणजे स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त (बॉल २७ मिमीचा असतो). वर कॉईल (फ्लिपर हलवणारा विद्युतचुंबक) उडायलाही वेळ लागतो, तो मोजून त्यात मिळवा.

शेवटच्या तीन-चार फ्रेमवरून वेग काढा आणि उताराचा प्रवेग टाका. साडेसहा अंशाच्या उतारावर बरेच जण तो १.१ मी/से² धरतात, पण बॉल घसरत नाही, घरंगळतो, म्हणून ५/७ ने गुणा, ०.८ च्या आसपास येतं, नाहीतर लांबून अंदाज बांधताना फ्लिपर आधीच उडतो.

बॉल बंपरला (त्याला उडवून लावणाऱ्या खांबाला) आपटला की जुने फ्रेम सरळ फेकून द्या, तिथून नवा हिशोब. मी जळगावला हे केलंच नव्हतं, फ्लिपर नुसता हवेत फडफडत होता आणि पोरं खदाखदा हसत होती.