सिअरपिन्स्कीच्या गालिच्याची गोधडी

फ्रॅक्टलवर, म्हणजे आपल्याच लहान प्रतींनी बनलेल्या आकृतीवर आधारलेली गोधडी पहिल्यांदाच करायची असेल, तर सिअरपिन्स्कीचा गालिचा हा नमुना निवडावा. पोलिश गणिती वाक्लाव सिअरपिन्स्की यांनी १९१६ साली मांडलेल्या या आकृतीचा नियम एका वाक्यात सांगता येतो: चौरसाचे नऊ सारखे चौरस करून मधला काढून टाकायचा आणि उरलेल्या आठांपैकी प्रत्येकावर हीच क्रिया पुन्हा करत राहायची. कोखचा हिमकण या दुसऱ्या फ्रॅक्टलमध्ये आत वळणारे कोपरे शिवावे लागतात, सिअरपिन्स्कीच्याच त्रिकोणात कापडाच्या तिरक्या कडा हाताळताना ताणल्या जातात. गालिच्यात मात्र सगळ्या शिवणी सरळ आणि एकमेकींना काटकोनात येतात.

गणितात ही क्रिया कधीच संपत नाही. कापडावर काढलेले चौरस फिकट आणि उरलेले गडद ठेवावेत आणि तिसऱ्या पायरीला थांबावे. सर्वांत लहान चौरस शिवून झाल्यावर २ इंचांचा धरला, तर पहिल्या पायरीचा ब्लॉक, म्हणजे शिवून जोडलेला चौरस तुकडा, ६ इंचांचा, दुसऱ्या पायरीचा १८ इंचांचा आणि पूर्ण गोधडी ५४ इंच लांबी-रुंदीची होते. याच मापात चौथी पायरी बसवायची म्हटले, तर चौरसाची बाजू पाऊण इंचाहूनही कमी भरेल, शिलाईसाठी पाव इंचाचे मार्जिन चारही बाजूंनी सोडल्यावर निम्म्याहून अधिक कापड शिवणींच्या मागे दडेल आणि असे गडद चौरस ४,०९६ लागतील.

वरच्या बाजूसाठी ४२ इंच पन्ह्याचे गडद सुती कापड अडीच मीटर आणि फिकट कापड सव्वा मीटर घ्यावे. दोन्ही आधी धुऊन, इस्त्री करून घ्यावीत. रंग कोणतेही चालतील, पण गडद-फिकट हा भेद ठळक हवा. दोन्ही कापडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले की तो भेद पुरेसा आहे का, हे लगेच कळते. एकाच दिशेने जाणारी नक्षी टाळावी, कारण पुढे ब्लॉक फिरवून लावायचे आहेत.

पहिल्या पायरीचे ६४ ब्लॉक लागतात. त्यांसाठी सुटे चौरस कापत बसण्याची गरज नाही. अडीच इंच रुंदीच्या, पूर्ण पन्ह्याएवढ्या लांब पट्ट्या कापून गडद, फिकट, गडद अशा क्रमाने तीन-तीन लांबीत जोडाव्यात, शिवणी गडद बाजूला दाबून इस्त्री करावी आणि या जोडपट्टीचे अडीच-अडीच इंचांचे आडवे काप घ्यावेत. एका जोडपट्टीतून १६ काप निघतात, म्हणजे चार जोडपट्ट्या पुरतात. ब्लॉकची वरची आणि खालची ओळ पूर्ण गडदच असल्याने तिथे अडीच बाय साडेसहा इंचांचा अखंड आयत लावता येतो. असे १२८ आयत कापावेत. मात्र आयत कापण्याआधी पहिल्या जोडपट्टीची रुंदी मोजावी. ती बरोबर साडेसहा इंच भरली नाही, तर शिलाईचे मार्जिन कमी-जास्त झालेले असते आणि ते तिथेच सुधारणे सोपे असते.

हे बजावून सांगण्याचे कारण नमुन्यातच आहे. शेवटच्या पायरीत १८ इंचांचा एक अखंड फिकट चौरस आणि त्याला लागून अनेक तुकड्यांचे ब्लॉक येतात. ब्लॉकच्या एका ओळीत आठ शिवणी असू शकतात, अखंड चौरसात एकही नसते. प्रत्येक शिवणीत दोन मिलिमीटर कापड जास्त गेले, तरी आठ शिवणींत सोळा मिलिमीटरचा फरक पडतो आणि कडा जुळत नाहीत. म्हणून अखंड फिकट चौरस आधी कापून ठेवू नयेत. गणिताने ते साडेसहा आणि साडेअठरा इंचांचे हवेत, पण त्या त्या पायरीचे ब्लॉक शिवून, इस्त्री करून मोजावेत आणि त्यांच्या सरासरी मापाने चौरस कापावेत. मोठ्या चौरसासाठी २० इंच कापड सुरुवातीलाच राखून ठेवावे.

दुसऱ्या पायरीत साडेसहा इंचांच्या फिकट चौरसाभोवती आठ लहान ब्लॉक लावायचे असतात. कोपऱ्यांतले चार ब्लॉक सरळ ठेवावेत आणि बाजूंचे चार काटकोनात फिरवावेत. प्रत्येक लहान ब्लॉकच्या दोन कडांना शिवणी पोहोचतात आणि दोन कडा अखंड असतात. असे फिरवल्याने शिवणींच्या कडेसमोर नेहमी अखंड कड येते आणि टोके जुळवण्याचा व्याप बराच कमी होतो. तिसऱ्या पायरीत हीच युक्ती १८ इंची ब्लॉकना लावावी, म्हणजे एकाआड एक ब्लॉक काटकोनात फिरवावा. नमुना चारही दिशांनी सारखा असल्याने समोरून काहीच फरक दिसत नाही.

अस्तर आणि मधला भराव वरच्या थरापेक्षा प्रत्येक बाजूने दोन-तीन इंच मोठे घेऊन तिन्ही थर एकत्र टाचावेत. गडद भागात शिवणींलगत टाके घालणे पुरेसे आहे, पण मधला १८ इंची मोकळा चौरस तसाच सोडला तर भराव सरकू शकतो. तिथे डाविड हिल्बर्ट यांची १८९१ सालची वक्ररेषा फार शोभते, कारण ती स्वतःला कुठेही न छेदता सगळा चौरस भरते आणि यंत्रावर दोरा न तोडता शिवता येते. चौरसाचे १६ बाय १६ घरे पाडून घरांच्या मध्यबिंदूंतून रेषा काढावी. खाली उघड्या असलेल्या तीन बाजूंच्या चौकटीपासून सुरुवात करावी. प्रत्येक पुढच्या टप्प्यात आधीच्या आकृतीच्या चार प्रती मांडाव्यात, वरच्या दोन जशाच्या तशा, खालच्या डावीकडची घड्याळाच्या दिशेने आणि उजवीकडची उलट दिशेने काटकोनात फिरवून, आणि त्या तीन छोट्या रेघांनी जोडाव्यात. चौथ्या टप्प्यात सगळी २५६ घरे भरतात.

कडेला वेगळी चौकट जोडण्याचा मोह आवरावा. गडद चौकटीने बाहेरच्या चौरसांची रुंदी वाढते आणि नमुन्याचे प्रमाण बिघडते. उरलेल्या गडद कापडाच्या अडीच इंची सहा पट्ट्या सलग जोडून, लांबीत दुमडून, पाव इंचावर गोट शिवला की बाहेरचे चौरसही नेमके २ इंचांचे राहतात.